उभ्या गाडीची किंमत

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीत, म्हणजे २०२५ सालच्या, आमच्या घरी फराळापेक्षा जास्त चर्चा झाली ती एका मोटारीची. ही मोटार घरातले कोणी चालवीत नाही. माझ्या पिढीने तर ती जागची हललेलीही पाहिलेली नाही. १९९१ साली आजोबा गेले त्या पावसाळ्यापासून ती खडकेश्वरच्या आमच्या जुन्या वाड्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, विटांवर चढवून ठेवलेली आहे. लहानपणी लपाछपी खेळताना आम्ही तिच्यात लपत असू. आम्ही मोठे झाल्यावर ती जागा उंदरांनी घेतली. आता वाडा पाडून तेथे इमारत उभी राहायची आहे, शेड रिकामी करून द्यायची आहे, आणि म्हणून चौतीस वर्षे टाळलेला प्रश्न दारात येऊन उभा राहिला : हिची किंमत किती?

हा आमच्या घरचा खाजगी मामला. त्याने वार्षिक अंकाची पाने कशाला अडवावीत, असे संपादक मंडळाला वाटू शकते. पण आपल्या शहरात जिन्याखाली, परसात, बंद दुकानाच्या मागे अशी झाकून ठेवलेली वाहने किती आहेत ते एकदा सहज मोजून पाहावे. कोणाकडे जावा, कोणाकडे राजदूत, कोणाकडे आजोबांची चेतक. मालकाला विचारावे तर तो आधी म्हणतो, "विकायची नाही," आणि मग थोडे थांबून आकडा सांगतो. मला त्या आकड्याविषयी बोलायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बंद गाडीची किंमत दर पावसाळ्याला उतरते आणि मालकाच्या मनात दर दिवाळीला चढते. या दोहोंमधला फरक कोणाला तरी भरावा लागतो, आणि आकडा सांगणारा तो बहुधा भरत नाही.

घरात माझे अक्षर बरे म्हणून जाहिरातीचा मसुदा काकांनी मला सांगितला. तो असा : "विकणे आहे. क्लासिक स्पोर्ट्स कार, एकहाती वापर, उत्तम स्थिती. किंमत सहा लाख. घासाघीस नाही." मी लिहून घेतले आणि मग म्हटले, "काका, यातले 'विकणे आहे' एवढेच खरे आहे." त्यावर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मी काय चुकीचे म्हणालो? आजोबांनी ही गाडी १९७४ साली हैदराबादच्या एका गृहस्थाकडून घेतली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. म्हणजे एकहाती नाही. स्थिती उत्तम म्हणावी तर ती सुरूच होत नाही. राहता राहिला 'स्पोर्ट्स कार' हा शब्द. तो जरा सविस्तर बघण्यासारखा आहे, कारण सहा लाखांचा अर्धा भार त्या एका शब्दावर आहे.

आमची गाडी आहे स्टँडर्ड हेराल्ड, १९६४ सालची, दोन दारांची. मूळची ही इंग्लंडातली ट्रायम्फ हेराल्ड. तेथे ती १९५९ साली आली आणि तिचा आकार मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने काढून दिला. १९६१ पासून १९७१ पर्यंत मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती आपल्याकडे बनवली. तो काळ असा की रस्त्यावर मुख्यतः तीनच मोटारी : अँबॅसडर, फियाट आणि ही. अँबॅसडर ही पाटलांची, फियाट डॉक्टरांची, आणि हेराल्ड ज्याला आपण तरुण आहोत असे वाटते त्याची, असे आजोबा म्हणत. हिचे तोंड उघडते ते दिव्यांसकट, मडगार्डांसकट, सुसरीच्या जबड्यासारखे. पुढच्या चाकावर बसून इंजिनाचे काम करता येते. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळते. गुलमंडीच्या गल्लीत आजोबा ती एका दमात वळवीत आणि लोक बघत राहत, ही गोष्ट आमच्याकडे हरतालिकेच्या कहाणीसारखी दरवर्षी सांगितली जाते.

आता नात्याचे पाहू. याच हेराल्डची चेसिस आखूड करून ट्रायम्फने १९६२ साली स्पिटफायर नावाची दोघांपुरती खरीखुरी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. म्हणजे आमची गाडी स्पोर्ट्स कारची सख्खी थोरली बहीण आहे, हे काकांचे म्हणणे अगदी खरे. पण धाकटीचा भाव थोरलीला मिळत नाही. आमच्या गाडीला ९४८ सीसीचे लहानसे इंजिन आहे, चार माणसांची बैठक आहे आणि मागे भाजीच्या पिशव्यांना जागा आहे. जाहिरातीत 'स्पोर्ट्स कार' लिहून आपण ज्याला बोलावू तो आल्यावर दोन मिनिटांत परत जाईल. 'हेराल्ड, १९६४, दोन दारी, बंद स्थितीत' असे लिहिले तर कमी लोक येतील, पण येतील ते हेराल्डसाठी येतील. नाव बरोबर सांगणे ही किंमत ठरवण्यातली पहिली पायरी आहे, असे मला वाटते. आपल्या बाजारात तीच बहुधा वगळली जाते.

सहा लाख हा आकडा काकांनी कोठून आणला? मी विचारून विचारून त्याचा माग काढला. काही वर्षांपूर्वी मुंबईत जुन्या मोटारींच्या एका मेळाव्यात त्यांनी अशीच हेराल्ड पाहिली. मालकाने तिच्यावर हात फिरवीत सांगितले, "सहा लाख गेले." काकांनी ऐकले, सहा लाखांची गाडी. पण त्या गृहस्थाने तिच्यावर सहा लाख खर्च केले होते. ती सहा लाखांना विकली गेली नव्हती. खर्च म्हणजे किंमत नव्हे, हे आम्हांला प्रथम वर्षालाच शिकवले जाते आणि परीक्षा झाली की आम्हीही विसरतो. शिवाय ती गाडी धुऊनपुसून, हार घालून, स्वतःच्या चाकांवर आलेली होती. आमची विटांवर आहे.

काकांच्या वहीत दुसरे एक कात्रण आहे, फ्रान्समधले. तेथे एका शेतावरच्या पडक्या शेडमध्ये साठेक जुन्या मोटारी धूळ खात सापडल्या आणि २०१५ च्या फेब्रुवारीत पॅरिसला त्यांचा लिलाव झाला. त्यात वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दडलेली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. धूळसुद्धा पुसली नव्हती. "बघ," काका म्हणतात, "धुळीला किंमत आहे." मी म्हणतो, धुळीला नाही, फेरारीला आहे. तसल्या गाड्या बोटांवर मोजता येतील इतक्या थोड्या बनल्या, आणि ती तर आलँ दलाँ या नटाच्या वापरातली होती. हेराल्ड जगभर पाच लाखांहून अधिक बनल्या. धूळ दोन्हीकडे सारखीच बसते.

दूर कशाला जा. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या संस्थानात होता त्याच्या सहाव्या निजामाने मागवलेली पिवळी रोल्स रॉइस, आत सिंहासनासारखी बैठक असलेली, १९१२ साली बनली. ती फारच थोडी चालली आणि पुढे कित्येक वर्षे नुसती उभी राहिली. आज ती दुरुस्त होऊन हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोकांना बघायला ठेवलेली आहे. तेथे आमची शाळेची सहल गेली होती. काका तेव्हाही म्हणाले होते, "बघितलीस? उभी राहिली म्हणून वाचली." मुले मान हलवतात तशी मी हलवली. आज मी म्हणेन की ती उभी राहिली म्हणून नव्हे, निजामाची होती म्हणून वाचली. वकिलाची गाडी उभी राहिली तर तिला उंदीर खातात.

आमच्या शहराची गंमत अशी की नव्या गाडीचा भाव करायला आम्हांला वेळ लागत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. एकदम दीडशे घेतो म्हणून कंपनीशी आणि बँकेशी बोलणी करणारे हे शहर व्यवहारात कच्चे आहे असे कोण म्हणेल? पण त्याच शहरात, घरातली एक गाडी बाहेर काढायची म्हटली की व्यवहार उंबऱ्याबाहेर थांबतो आणि आत फक्त आठवणी उरतात.

मग मी शेवटी गाडी जाणणाऱ्या माणसाला बोलावले. शहागंजाकडे राहणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. तरुणपणी त्यांनी आजोबांची हीच गाडी दुरुस्त केली होती. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. ते आले, शेडच्या दारात थांबले, आणि गाडीला हात न लावता आधी वास घेतला. शिळ्या पेट्रोलचा वास रंगाच्या डब्यासारखा असतो, हे मला त्या दिवशी कळले. मग म्हणाले, "खडी गाडी घोडे सरीकी रहती, बेटा. चलाए नै तो पाँव जाते."

त्यानंतरचा दीड तास हा माझ्या तीन वर्षांतल्या उत्तम तासिकांपैकी एक. उस्तादांनी प्लग काढले, भोकांतून थोडे थोडे तेल सोडले आणि सांगितले की उद्या येतो, तोवर कोणी चावी फिरवायची नाही. अडकलेले इंजिन जोराने फिरवले तर पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि वाचणारे इंजिनही जाते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढच्या हँडलने हलकेच जोर दिला. थोडे कण्हून इंजिन फिरले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून काकांनी लगेच "सात लाख" म्हटले. उस्तादांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले आणि खाली शिरले.

खाली त्यांनी जे पाहिले ते महत्त्वाचे. हेराल्डचे अंग बोल्टांनी जोडलेल्या तुकड्यांचे असते. दार, मडगार्ड, बॉनेट हे सुटे करून बदलता येते. सगळा भार पोटाखालच्या चेसिसवर. ती सडली तर वर कितीही चकचकीत रंग द्या, उपयोग नाही. आपली हवा कोकणच्या मानाने कोरडी, म्हणून चेसिस बरी निघाली. फक्त मागच्या डाव्या बाजूला, जेथे शेडचा पत्रा गळत होता, तेथे पेचकस आरपार गेला. ब्रेकचे सिलिंडर धरलेले, रबरे दगडासारखी, पेट्रोलच्या टाकीत डांबरासारखा साका, वायरी उंदरांनी सोललेल्या. टायर नुसते दिसायला टायर. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी कोठे वाचली नव्हती. या इंजिनांचा जन्म शिसेयुक्त पेट्रोलवरचा. ते पेट्रोल आपल्या देशात २००० सालीच बंद झाले. आता तर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. म्हणजे गाडी उभी होती तेवढ्या काळात बाहेरचे जग बदलले, आणि त्या बदलाचाही खर्च आता तिच्यावरच पडायचा.

काका म्हणाले, विकण्याआधी रंग मारून घेऊ, उठून दिसेल. उस्तादांनी सरळ नाही म्हटले. ताजा रंग पाहिला की जाणकार गिऱ्हाईक आधी लोहचुंबक लावून बघतो की खाली पत्रा आहे की पुट्टी. विकणाऱ्याने करायची कामे तीनच : गाडी धुणे, इंजिन हाताने फिरते हे दाखवणे आणि कागद शोधणे. चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक आरसी बुकाशी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय कोणी बयाणा देत नाही. आमचे आरसी बुक आजीच्या देवघरातल्या पोथ्यांमध्ये सापडले, हळदीकुंकवाचे डाग पडलेले, पण शाबूत. आकडे जुळले. हा क्षण मात्र सगळ्यांनाच, मलाही, लिलाव जिंकल्यासारखा वाटला.

मग वहीत हिशेब मांडला. उस्तादांच्या अंदाजाने इंजिन ६० हजार, ब्रेक आणि क्लच २५, रेडिएटर-टाकी-नळ्या १५, वायरिंग आणि बॅटरी १८, टायर २०, पत्रा आणि रंग ८०, गाद्या व काचांची रबरे ३२. बेरीज अडीच लाख. परिवहन कार्यालयाचे वेगळे. पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, नोंदणी दहा वर्षांची. पण त्यात अटी आहेत : चेसिस, सांगाडा, इंजिन मूळचेच हवे, आणि गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला न्यायची, रोजच्या रस्त्यावर नाही. ज्याला ती रोज फिरवायची आहे त्याने नेहमीचे नूतनीकरण करावे. तेथे तपासणी, उशिराचे पैसे आणि पर्यावरण कर आहेच. कसेही केले तरी पंचवीसेक हजार धरावेत. म्हणजे पावणेतीन लाख. आणि चालती, कागद पुरे असलेली हेराल्ड प्रत्यक्षात किती रुपयांना हातची सुटते? जाहिरातीतला आकडा नव्हे, पैसे मोजून झाले तो आकडा. उस्तादांच्या माहितीतले अलीकडचे दोन व्यवहार साडेतीन आणि चार लाखांचे. मध्य धरून पावणेचार. पावणेचारातून पावणेतीन गेले, राहिला एक लाख. त्यात घेणाऱ्याचा सहा महिन्यांचा घाम आणि 'उघडल्यावर आत काय निघेल' ही धास्ती फुकट.

एक लाख ऐकून घरात जी शांतता पसरली ती मी कधी विसरणार नाही. काका म्हणाले, "आण्णांचा अपमान आहे हा." माझे वडीलही मान खाली घालून बसले.

या शांततेला अर्थशास्त्रात नाव आहे. रिचर्ड थेलर यांनी १९८० साली ते दिले, आणि १९९० साली काह्नमन, नेच आणि थेलर या तिघांनी प्रयोगाने दाखवले : वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग फुकट दिले, आणि मग विकायला-घ्यायला सांगितले. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत ही इतरांच्या तयारीच्या दुपटीहून अधिक निघाली. मग हातात येऊन काही मिनिटेच झाली होती. आमच्या काकांच्या हातात गाडी चौतीस वर्षे आहे. त्यांनी सहापट मागितली तर आश्चर्य कसले? तेव्हा मी काकांना लोभी म्हणणार नाही. १९८१ साली इथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले तेव्हा आजोबा काळा कोट घालून याच गाडीतून पहिल्यांदा तिकडे गेले आणि शेजारच्या जागेवर काका बसले होते. त्या सकाळचे मोल आहेच. माझे म्हणणे इतकेच की ते मोल घेणाऱ्याकडे मागता येत नाही, कारण ती सकाळ त्याच्या हवाली करता येत नाही. गाडी त्याच्याबरोबर जाईल, सकाळ काकांकडेच राहील.

आणि थांबण्याचाही खर्च असतो. १९९१ साली जालन्याच्या एका डॉक्टरांनी ही गाडी २५ हजारांना मागितली होती. तेव्हा ती चालत होती. काकांनी "आण्णांना वर्षसुद्धा झाले नाही" म्हणून परत पाठवले. तो नकार मला समजतो. पण ते पैसे आठ टक्के चक्रवाढीने कोठे पडून राहिले असते तर आज सुमारे ३ लाख ४२ हजार झाले असते. आज गाडी एक लाखाची. मधले दोन लाख बेचाळीस हजार कोणी चोरले नाहीत; ते आम्हीच पावसात ठेवले.

आता खरा पेच. दोन गिऱ्हाईके आली. एक वाळूजच्या कारखान्यात फिटर असलेला तरुण. सुट्टीच्या दिवशी घरीच जुन्या गाड्या जुळवतो. त्याने शेडमध्ये अंथरलेल्या पोत्यावर पडून चेसिस पाहिली, माझ्या वहीतला हिशेब वाचला, एका ठिकाणी दुरुस्त केला, आणि एक लाख म्हणाला. त्याला ही गाडी घेऊन दौलताबादच्या घाटातून खुलताबादला जायचे आहे. दुसरे, जालना रस्त्यावर नवे हॉटेल काढणारे एक गृहस्थ. त्यांना गाडी मधोमध कापायची आहे. पुढचा भाग भिंतीतून बाहेर आल्यासारखा लावायचा आणि मागच्या भागाचा सोफा. लोक फोटो काढतील. त्यांनी चेसिस पाहिली नाही, कागद पाहिले नाहीत, रंग लाल करता येईल का एवढे विचारले आणि एक लाख साठ हजार म्हणाले.

काका उसळले. आण्णांच्या गाडीचे दोन तुकडे? कधी नाही! वडिलांचेही तेच मत. आणि खरे सांगतो, माझेही तेच. आम्ही तिघांनी पाच मिनिटांत साठ हजार रुपयांवर पाणी सोडले आणि आपण फार उदार आहोत असे वाटून चहा घेतला.

चहा पिताना माझ्या लक्षात आले की त्या साठ हजारांत वीस हजार आत्याचे होते.

आत्या पैठणला असते. काका गेल्यापासून, म्हणजे तिचे यजमान, ती शिवणावर आणि थोड्या पेन्शनवर घर चालवते. तिला कोणी विचारलेच नव्हते. मी तसे बोललो तर काका म्हणाले, "गाडीत कसला आला मुलीचा वाटा?" गाडी आजोबांची स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी आणि मुलगे समान वारस. हे मी सांगायची गरज नव्हती, वकिलाच्या घरातच ते माहीत नसावे? पण कायद्यापेक्षाही मला दुसरी गोष्ट खटकली. गाडी कापली जाऊ नये ही इच्छा आमची. ती पुरी करण्याचा खर्च मात्र तिघांत वाटायचा, आणि त्यातली जी सर्वांत गरजू, तिला न विचारता. घरोघरी हेच होते. वाडा विकू नका, शेत विकू नका, दागिना मोडू नका, असे म्हणणाऱ्याचा आवाज मोठा असतो आणि त्या न विकण्याचे हप्ते दुसरेच कोणी फेडत असते. आठवण जपायची तर जरूर जपावी. पण ज्याला जपायची आहे त्याने तिचे पैसे मोजावेत.

म्हणून मी वहीत असे लिहून काकांपुढे ठेवले. गाडी फिटरला एक लाखाला द्यावी. आत्याला मात्र एक लाख साठ हजारांवरचा तिसरा हिस्सा द्यावा, म्हणजे ५३ हजार ३३३. उरलेले ४६ हजार ६६७ काका आणि बाबांनी वाटून घ्यावेत. म्हणजे दोघांना प्रत्येकी तीस हजारांची खोट. गाडी अखंड राहावी या भावनेची ही किंमत; पटत असेल तर द्या, नसेल तर हॉटेलवाल्यांना बोलवा, मी दोष देणार नाही. आमचे एक प्राध्यापक ही वही पाहून म्हणाले, "तू घरात भांडण लावतो आहेस." असेल. पण भांडण आधीच होते. ते पैठणला एकटे बसले होते, म्हणून ऐकू येत नव्हते.

काका चार दिवस गप्प राहिले. एकदा रात्री त्यांनी मला हळूच विचारले, "त्या हॉटेलवाल्याचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?" मी दिला. त्यांनी तो खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये गाडीत जाऊन बसले, शेजारच्या जागेवर, चालकाच्या नव्हे. बाहेर आल्यावर म्हणाले, त्या पोराला विचार, एक लाख दहा देतो का. मी विचारले. पोराने एक दिवस मागून घेतला आणि हो म्हटले. त्यामुळे काकांची आणि बाबांची खोट पंचवीस-पंचवीस हजारांवर आली. आत्याचा आकडा तोच राहिला.

मालक मयत असल्यामुळे आधी ३१ क्रमांकाचा अर्ज करून गाडी वारसाच्या नावे करावी लागते, मग २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरून घेणाऱ्याच्या नावे. सर्व वारसांची संमती हवी. काका त्यासाठी एसटीने पैठणला गेले, बऱ्याच वर्षांनी. आत्याने कागद वाचला, आकडा वाचला, आणि सही करण्याआधी विचारले की हॉर्न अजून वाजतो का. काका म्हणाले, बॅटरीच नाही, कसा वाजेल. अर्ज सध्या परिवहन कार्यालयात आहे. आरसी बुकावर औरंगाबाद आणि अर्जावर छत्रपती संभाजीनगर असल्याने एक खेप जास्त पडली, पण तेही झाले. फिटर दर रविवारी येऊन ब्रेकच्या नटांना तेल सोडून जातो. अजून पूर्ण पैसे द्यायचे आहेत, तरी काका त्याला अडवीत नाहीत.